नवी चाके, नवे टायर. तरी गाडी गचके का खाते?

वाचकहो, बाजारातून नवा बैल आणला आणि पहिल्याच दिवशी तो औताला लंगडू लागला, तर आपण काय करतो? लगेच त्याला परत बाजारात नेत नाही. आधी पाय उचलून पाहतो. खुरात खडा रुतला आहे का, पत्री सैल झाली आहे का, सांधा सुजला आहे का, हे एकेक करून तपासतो. लंगडतो तो पाय कोणता हे कळले की निम्मे काम झाले. मोटारीचेही तसेच आहे. नवी चाके आणि नवे टायर घातल्यावर गाडी मऊ चालायला हवी. पण पुष्कळदा होते उलटेच. गाडी धक्के देते, थरथरते, आतल्या माणसांची हाडे खिळखिळी करते. मग घरधनी म्हणतो, "एवढे पैसे घातले आणि हे काय पदरात पडले?"

आज गावोगाव मोटार आहे. कोणाकडे जीप, कोणाकडे पिकअप, कोणाकडे जुनी मारुती. शहरात नोकरी करणारा मुलगा सुट्टीला गाडी घेऊनच गावी येतो. म्हणून हा विषय केवळ शहरी माणसांचा राहिलेला नाही. गाडीच्या गचक्यात म्हाताऱ्यांची कंबर आहे, माहेरी येणाऱ्या लेकीची काळजी आहे, पिकअपमधल्या टोमॅटोचा आणि द्राक्षांचा भाव आहे. आणि क्वचित प्रसंगी, नट सैल राहिला असेल तर, जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून चाकाचे निदान कसे करावे ते आज नीट समजून घेऊ.

एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू

मुंबईच्या उत्तरेला, पश्चिम रेल्वेच्या मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेस नया नगर ही दाट वस्ती आहे. एकेकाळी हा सगळा मुलूख भातखाचरांचा आणि मिठागरांचा. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तिथे राहणाऱ्या अनेकांची मुळे अजून गावात आहेत. समजा, तुमचा पुतण्या नया नगरात राहतो. त्याने लहान मोटार घेतली. गाडी कंपनीतून आली तेव्हा तिला १४ इंची लोखंडी चाके होती. पुतण्याने हौसेने १६ इंची चकचकीत अलॉय चाके आणि नवे रुंद टायर बसवून घेतले. मग काशिमिरा नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून, वसईची खाडी ओलांडून, मनोरवरून तो डहाणूकडच्या गावी निघाला. गावात पोचला तेव्हा आजी गाडीतून उतरताना म्हणाली, "बाबा, यापेक्षा यष्टी बरी होती."

आता यात दोष कोणाचा? टायरचा, चाकाचा, दुकानदाराचा, रस्त्याचा, की गाडीच्या जुन्या दुखण्याचा? उत्तर अंदाजाने देऊ नका. क्रमाने शोधा.

आधी दुखणे ओळखा

"गाडी गचके खाते" एवढ्या एका वाक्यात चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. ती वेगळी केल्याशिवाय औषध सापडणार नाही.

पहिले दुखणे म्हणजे धक्का. रस्त्यावर खड्डा, उंचवटा किंवा पुलाचा सांधा आला की गाडी कडक आपटते, पण गुळगुळीत रस्त्यावर शांत चालते. असे असेल तर संशय हवेवर, टायरच्या मापावर आणि टायरच्या कडकपणावर घ्या.

दुसरे दुखणे म्हणजे थरथर. रस्ता चांगला असला तरी ठराविक वेग आला की, बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, स्टिअरिंग किंवा बैठक थरथरू लागते. वेग कमी केला की थांबते. इथे चाकाचा तोल बिघडला आहे, किंवा चाक हबवर मधोमध बसलेले नाही.

तिसरे दुखणे म्हणजे लंगडणे. अगदी हळू, २०-३० च्या वेगातही गाडी डुलते, एक पाय आखूड असल्यासारखी चालते. असे असेल तर टायर गोल राहिलेला नाही, त्याला फुगवटा आला आहे, किंवा रिम वाकली आहे. हे दुखणे अंगावर काढू नका. फुगवटा आलेला टायर कधी फुटेल याचा नेम नसतो.

चौथे दुखणे म्हणजे हेलकावा. खड्डा मागे पडतो, पण गाडी त्यानंतरही दोन-तीन वेळा वरखाली होत राहते. हा दोष चाकाचा नाही. शॉकॲब्सॉर्बर थकले आहेत.

याशिवाय एक पाचवी खूण लक्षात ठेवा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क पाहा. नवी चाके बसवताना नट हवेच्या मशीनने वाजवीपेक्षा जास्त आवळले, किंवा कमीजास्त आवळले, तर डिस्कवर असमान ताण येऊन ती वाकते आणि ही थरथर सुरू होते.

आणखी एक साधी परीक्षा आहे. थरथर हाताला, म्हणजे स्टिअरिंगला जास्त जाणवते की बुडाखाली, म्हणजे बैठकीला? हाताला जाणवली तर बहुधा पुढची चाके, बैठकीला जाणवली तर बहुधा मागची.

रस्त्यालाही ओळखा. काशिमिऱ्याच्या पुढे महामार्गाच्या बऱ्याच भागावर अलीकडे डांबरावर काँक्रीटचा थर घातलेला आहे. काँक्रीटच्या रस्त्याला ठराविक अंतरावर सांधे असतात. त्यावरून जाताना "टक, टक" असा ठेका ऐकू येतो. तो रस्त्याचा ठेका आहे, चाकाचा नव्हे. डांबरी रस्त्यावर आल्यावर तो बंद झाला तर चाकाला दोष देऊ नका.

हवा: सगळ्यात स्वस्त तपासणी

सांगायला नवल वाटेल, पण नव्या टायरांच्या धक्क्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे जास्त हवा. असे का होते? नवा टायर रिमवर चढवला की त्याची कड रिमच्या खाचेत नीट बसावी लागते. त्यासाठी दुकानदार हवा थोडी जादा भरतो. कड "टप्प" आवाज करून बसली की हवा कमी करून योग्य आकड्यावर आणायची असते. गर्दीच्या वेळी हे राहून जाते. गाडी ३० पौंडांऐवजी ४०-४५ पौंडांवर रस्त्यावर येते, आणि टायर लाकडी चाकासारखा कडक होतो.

योग्य आकडा कुठे मिळेल? टायरवर जो आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो तुमच्या गाडीचा आकडा नव्हे. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात असतो. बहुतेक लहान मोटारींना तो २८ ते ३५ पौंडांच्या दरम्यान असतो. पुढे-मागे वेगळा असू शकतो, आणि भरल्या गाडीला वेगळा असू शकतो.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे सकाळी, गाडी निघण्यापूर्वी. लांब चालून आलेल्या तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पौंड जास्त दिसतात. ते पाहून हवा काढली तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर चालतो, आणि कमी हवेचा टायर आतून तापून खराब होतो. चार चाकांत चार वेगळे आकडे निघाले तर समजा, हवा भरणाऱ्याने डोळे झाकून काम केले आहे. स्वतःचे हवा मोजण्याचे घड्याळ घेऊन ठेवा. ते फार महाग नसते, आणि घरातल्या सगळ्या गाड्यांना, ट्रॅक्टरलाही, कामाला येते.

मापाचा हिशेब

हवा बरोबर असूनही धक्के बसत असतील तर टायरच्या अंगावरचे माप वाचा. हे माप म्हणजे टायरचा सातबारा आहे. तो वाचता आला की फसवणूक होत नाही.

समजा, लिहिले आहे १६५/८० आर १४. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आता हिशेब करू. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर आणि हवेची एवढी उशी आहे.

पुतण्याने घातलेले टायर आहेत १९५/५५ आर १६. १९५ चे ५५ टक्के म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. म्हणजे उशी १३२ वरून १०७ वर आली. तब्बल एक इंच कमी झाली. बाहेरून पाहिले तर दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखीच, सुमारे ६२० मिलिमीटर. गाडी तेवढीच उंच दिसते, चाक मात्र मोठे आणि ऐटदार दिसते. पण जी उशी धक्का पोटात घेत होती ती पातळ झाली. कापूस काढून घेतलेल्या गादीवर झोपल्यावर पाठीला जे होते तेच इथे होते.

मधला रस्ताही आहे. १८५/६५ आर १५ या मापात भिंत १२० मिलिमीटर राहते, आणि एकूण उंची तीच. अनेक गाड्यांच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतःच असे माप देते. कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेल्या मापापलीकडे जाऊ नका. गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी वाद निघू शकतो.

गावच्या रस्त्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बुटका टायर आणि अलॉय चाक ही जोडी शहरातल्या गुळगुळीत रस्त्याची आहे. खड्ड्यात आपटल्यावर लोखंडी रिम वाकते, पण मिस्त्री ती ठोकून सरळ करू शकतो. अलॉय रिमला तडा गेला की ती बदलणेच शहाणपणाचे. ज्याला पावसाळ्यात खडीच्या रस्त्याने शेतावर जायचे आहे त्याने उंच भिंतीचा टायर आणि लोखंडी रिम यांनाच धरून राहावे. शोभा कमी दिसेल, पण खिसा आणि कंबर दोन्ही शाबूत राहतील.

तोल: वीस ग्रॅमचे दोन किलो

आता थरथरीकडे वळू. कोणतेही चाक सगळीकडून अगदी सारख्या वजनाचे नसते. टायर चढवल्यावर मशीनवर फिरवून हलक्या बाजूला शिशाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे लावतात. याला आपण बॅलन्सिंग म्हणतो. लोखंडी रिमला हे तुकडे कडेला ठोकतात. अलॉय रिमला आतून चिकटवतात. चिकटवलेला तुकडा धुळीवर किंवा ओलसर जागेवर लावला तर महिनाभरात गळून पडतो.

वीस ग्रॅमने काय बिघडणार आहे, असे कोणी म्हणेल. हिशेब पाहा. सुमारे ६२० मिलिमीटर उंचीचे चाक एका फेऱ्यात जवळजवळ १ मीटर ९५ सेंटिमीटर अंतर कापते. ताशी ८० च्या वेगात ते सेकंदाला ११ पेक्षा जास्त वेळा फिरते. रिमच्या कडेला २० ग्रॅम जादा वजन असेल तर या वेगात ते सुमारे २ किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढते. म्हणजे कोणीतरी सेकंदाला ११ वेळा दोन किलोच्या वजनाने चाकाला हिसका देत आहे. ताशी ४० च्या वेगात हाच जोर अर्ध्या किलोवर येतो, म्हणून हळू चालवताना काही जाणवत नाही. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गोफणीतला दगड जितका वेगाने फिरवावा तितका तो हाताला जास्त ओढतो, तसेच हे.

शेतकऱ्याच्या गाडीत आणखी एक चोर असतो. तो म्हणजे चिखल. शेतातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूला चिखलाचे ढेकूळ बसते आणि वाळून दगडासारखे होते. वीस ग्रॅमने एवढे होते, मग पाव किलोच्या ढेकळाने काय होईल? म्हणून थरथर आली की गॅरेजात जाण्यापूर्वी चारही चाके आतून-बाहेरून पाण्याने धुवा. पुष्कळांचे दुखणे दोन बादल्या पाण्यात बरे होते.

एक सावधगिरी. थरथरीची तक्रार घेऊन गेलात की काही ठिकाणी लगेच अलाइनमेंट करून घ्यायला सांगतात. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा सरळ करणे. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. ते काम आवश्यक आहे, पण थरथरीचे औषध ते नव्हे. आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, हा क्रम ध्यानात ठेवा.

मधले भोक, नट आणि गंज

बॅलन्सिंग दोनदा केले, मशीन शून्य दाखवते, तरी गाडी थरथरते. असे झाले की बहुतेक लोक टायर कंपनीला शिव्या देतात. पण इथे चाकाच्या मधले भोक पाहायला हवे.

कंपनीच्या चाकाचे मधले भोक गाडीच्या हबच्या मापाचे असते. चाक हबवर घट्ट, मधोमध बसते. बाजारातली अलॉय चाके मात्र अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची बनवतात. समजा, हब ५४ मिलिमीटरचा आहे आणि चाकाचे भोक ७३ मिलिमीटरचे. म्हणजे सभोवार साडेनऊ मिलिमीटर पोकळी राहिली. मग चाक केवळ नटांच्या आधाराने लटकते. ते अर्धा मिलिमीटर जरी बाजूला बसले तरी फिरताना एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खोलगट, असा एक मिलिमीटरचा फरक पडतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक वेगळ्या सुळक्यावर बसते, त्यामुळे तिथे दोष दिसतच नाही. गाडीवर आल्यावर दिसतो. यावर उपाय स्वस्त आहे. पोकळी भरणारी कडी मिळते, तिला हबची रिंग म्हणतात. आपल्या हबचे आणि चाकाच्या भोकाचे माप घेऊन ती बसवून घ्या.

नटही पाहा. नटाचे टोक कुठे निमुळते असते, कुठे गोलसर, कुठे सपाट. चाकातला खड्डा ज्या आकाराचा त्याच आकाराचा नट हवा. लोखंडी चाकाचे नट अलॉय चाकाला बसतीलच असे नाही. नट आवळताना एकामागून एक शेजारचा आवळू नका. समोरासमोरचे आवळा, म्हणजे चाक सारखे बसते. आधी सगळे हाताने, मग पान्याने अर्धे, मग गाडी जमिनीवर टेकवून शेवटचा आवळा. बऱ्याच लहान मोटारींना ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका जोर सांगितलेला असतो. साध्या भाषेत, अर्धा मीटर लांब दांड्यावर साधारण २० किलोचा दाब. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची गरज नाही. नवी चाके बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा तपासा. हे न चुकता करा. सैल नटामुळे चाक निखळते, आणि त्यानंतर निदान करायला वेळ मिळत नाही.

किनारपट्टीच्या भागात गंजही त्रास देतो. मीरा-भाईंदर, वसई, डहाणू, खाली थेट सिंधुदुर्गापर्यंत हवेत खारटपणा असतो. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे साचतात. त्यावर नवे चाक बसवले तर ते तिरके बसते. चाक बसवण्यापूर्वी हबचे तोंड तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.

चाक गोल आहे का? अंगणातली तपासणी

यासाठी मशीन लागत नाही. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा. जे चाक उचलायचे नाही त्यांना दगडाची अटकण लावा. मुलांना दूर ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही डोके घालू नये. चाक मोकळे फिरेल असे पाहा.

आता चाकाजवळ एक वीट उभी करून तिच्यावर एक खिळा असा टेकवा की त्याचे टोक टायरच्या नक्षीपासून जेमतेम सुटे राहील. चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि टायर यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहते का पाहा. रुपयाचे नाणे साधारण दीड मिलिमीटर जाड असते. फट त्यापेक्षा जास्त कमीजास्त झाली तर टायर गोल नाही किंवा नीट बसलेला नाही. मग खिळा रिमच्या कडेजवळ आणून पुन्हा फिरवा. रिम सारखी आणि टायर वेडावाकडा असेल तर दोष टायरचा. रिमच वेडीवाकडी असेल तर दोष रिमचा.

टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक गोल रेघ उठवलेली असते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत बुडालेली दिसली तर टायरची कड तिथे खाचेत बसलेली नाही. हवा काढून, कडेला साबणाचे पाणी लावून, दुकानदाराकडून पुन्हा बसवून घ्या. टायर निर्दोष असतो, बसवण्यात चूक असते.

गाडी महिनाभर एकाच जागी उभी असली तर टायर खालून चपटा होतो आणि निघाल्यावर थोडा वेळ लंगडतो. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर तो गरम होऊन गोल झाला तर काळजी नको.

जुने दुखणे नव्या टायरने उघडे पडते

कधी कधी टायर, चाक, हवा, सगळे ठीक असते. मग दोष आधीपासून गाडीतच होता. जुने झिजलेले मऊ टायर तो झाकून घेत होते. नवा कडक टायर आल्यावर तो उघडा पडला.

गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन ती खाली दाबा आणि सोडा. ती वर येऊन एक-दीड झोक्यात थांबली पाहिजे. पाळण्यासारखी झुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर गेले. त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तरी हेच समजा. उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहून घ्या. खड्ड्यात धक्क्याबरोबर "खटक" आवाज येत असेल तर रबरी बुश झिजले आहेत.

पिकअप, टेंपो आणि ट्रॅक्टर

पिकअपला मागे लोखंडी पाटे असतात आणि जाड थरांचे टायर असतात. त्यात भरल्या गाडीच्या हिशेबाने हवा असते. तीच हवा ठेवून गाडी रिकामी परत आणली की ती बकरीसारखी उड्या मारते. हा बिघाड नव्हे. माहितीपुस्तकात भरल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे दिले असतील तर त्याप्रमाणे हवा ठेवा. पण माल भरताना हवा वाढवायला विसरू नका. कमी हवेवर जास्त वजन हे टायर फुटण्याचे कारण आहे. टोमॅटो, द्राक्षे, अंडी यांना वाटेत सतत बसणाऱ्या हादऱ्यांनी मार लागतो, तो बाजारात पोचल्यावर दिसतो. क्रेटखाली पेंढा घालण्याबरोबर चाकांची हवाही पाहा.

टेंपोला रिमोल्ड टायर घालणारे पुष्कळ आहेत. एसटीसारखी मोठी संस्थाही टायरवर नवा थर चढवून ते पुन्हा वापरते. काम चांगले झाले तर यात गैर काही नाही. पण थर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ चढला तर चाक लंगडते. असा टायर पुढच्या चाकाला घालू नका.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पकड यावी म्हणून पाणी भरतात. पाणी हवेसारखे दबत नाही, म्हणून पाणी भरलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर जास्त आपटतो. दोन मागच्या टायरांत पाणी किंवा हवा कमीजास्त असेल तर तो डोलतो. दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

थोडे मागे वळून

हवेच्या टायरची गोष्ट शेतकऱ्याला जवळची वाटेल. आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावी जॉन बॉईड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर गचके खात असे. तिला त्याने हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. त्याच्या आधी, १८४५ च्या सुमारास, रॉबर्ट थॉमसनने ही कल्पना मांडली होती, पण ती मागे पडली होती. गुरांच्या डॉक्टराच्या नावाचा टायर पुढे आपल्या बैलगाडीलाही लागला, आणि लोक तिला डनलॉप गाडी म्हणू लागले. आपण जादा चाकाला स्टेपनी म्हणतो, तो शब्दही वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवण्याचा कारखाना होता. सांगायचे एवढेच, की टायरचा जन्मच गचके घालवण्यासाठी झाला. नवा टायर गचके देत असेल तर कुठेतरी काहीतरी चुकले आहे, आणि ते शोधले की सापडते.

क्रम चुकवू नका

पिकावर एकाच दिवशी तीन औषधे फवारली तर कशाने गुण आला हे कळत नाही. गाडीचेही तसेच. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून पाहा, मगच पुढचे पाऊल टाका.

१. चाके धुऊन चिखल काढा. फुगवटा, चीर, सैल नट पाहा.
२. सकाळी थंड टायरमध्ये हवा मोजून पट्टीवरच्या आकड्यावर आणा.
३. टायरचे माप, भार पेलण्याचा आकडा आणि तारीख वाचा. भाराचा आकडा ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा घेऊ नका. तारखेचे चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर कडक झालेला असतो. टायरवर आयएसआय चिन्ह हवेच.
४. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या दिशेने आहे ना, हे पाहा.
५. बॅलन्सिंग करून घ्या. हबची रिंग आणि नट तपासा.
६. पुढची चाके मागे आणि मागची पुढे घाला. थरथर हातातून बैठकीत गेली तर दोष चाकातच आहे. जागचा हलला नाही तर दोष गाडीत आहे.
७. शेवटची आणि पक्की परीक्षा म्हणजे जुनी चाके परत बसवून पाहणे. गाडी शांत झाली तर नव्या जोडात दोष. तशीच राहिली तर शॉकॲब्सॉर्बर, बुश, बेअरिंगकडे वळा. म्हणूनच जुनी चाके पंधरा दिवस तरी भंगारात देऊ नका.

दुकानात जाताना "गाडी खराब चालते" एवढेच सांगू नका. "भाऊ, ऐंशीला स्टिअरिंग थरथरते, साठला थांबते, ब्रेकला काही होत नाही, हवा तीस आहे," असे सांगा. ज्याला दुखणे नीट सांगता येते त्याला कोणी नको ते औषध देत नाही. पावती जपून ठेवा. टायरमध्येच दोष निघाला तर हमीच्या मुदतीत पावतीशिवाय कोणी दाद घेत नाही.

आपल्या उदाहरणातल्या पुतण्याच्या गाडीत बहुधा दोन गोष्टी निघतील. हवा ४२ पौंड, आणि उशी एक इंच कमी. हवा लगेच ३० वर आणता येईल. उशीसाठी त्याला १५ इंची चाकावर यावे लागेल, नाहीतर गचके सहन करावे लागतील. निवड त्याची. पण निवड करताना कारण माहीत असेल, आणि पुढच्या खेपेला आजीला यष्टीची आठवण येणार नाही.